कोंबडीचं मशीन

कोंबडीचं मशीन काढून टाकलं ते आमच्या रमेशमामानं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मामा आता पोरांवर, लोडशेडिंगवर आणि जमान्यावर ढकलून मोकळा होतो.

आर्वीत एस.टी. स्टँडच्या मागे मामाचं व्हिडिओ गेम पार्लर. मी बी.कॉम. अर्धवट सोडलं तेव्हा घरच्यांनी मला तिथं टोकन विकायला बसवलं. अशा जागी किस्से भिंतीवरच्या पिचकाऱ्यांसारखे साचतात. पुसायला कोणी नाही, भर घालायला सगळे!

मशीनं तीन. एक विमानं पाडायचं, एक कारच्या रेसचं. तिसऱ्यात एक पिवळं तोंड गल्लीबोळांतून दाणे टिपत पळायचं आणि मागे भुतं लागायची. त्याला सगळे कोंबडी म्हणायचे. आणि ज्याच्या-त्याच्या मते आपला सोडून बाकीचे गेम म्हणजे खेळाची नासाडी!

*

रिटायर्ड हेडमास्तर वानखडे सर एकदा नातवाचा कान धरायला आले. "पिढी बरबाद करून राह्यले तुम्ही!" असं मलाच ओरडले. नातू कारवर बसलेला. सर त्याच्या मागे उभे राहिले, जरा वेळानं वाकले.

"अबे, हॉर्न काऊन नाई देत?"

मग नातवाला उठवून स्वतः बसले. पहिल्याच वळणावर गाडी ठोकली.

"स्टिअरिंगच वाकडं आहे!"

जाताना मामासाठी निरोप ठेवला. "कार राहू दे म्हणा, त्यात एकाग्रता आहे. बाकीची दोन समाजाले घातक!" जन्मभर पोरांना छड्या मारून माणूस एवढंच शिकतो.

*

विमानांचा चॅम्पियन पिन्या. त्याला कोंबडीचा भारी राग. "ना फायरिंग, ना स्पीड. कोंबडीले दाणेच चारायचे तर घरी चारीन ना बे! असल्या गेमनं पार्लरची इज्जत जाते."

तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर कोंबडीवर होत्या. दुपारी डबा खाल्ला की त्या यायच्या. पिन्या मुद्दाम त्यांच्या कानाशी बोलत होता. सिस्टरनं मशीनचा दांडा सोडला नाही, मान वळवली नाही.

"भाऊ, मी सकाळपासून माणसं मरताना पाहून येते. इथंबी तेच पाहू का?"

पिन्याला त्या दिवशी एकही विमान पाडता आलं नाही!

*

बाजाराच्या दिवशी गावाकडच्या बायका गाडीची वाट पाहत पार्लरच्या सावलीत बसायच्या. त्यातल्या शेवंताबाईला मीच एकदा कोंबडीवर उभं केलं. नंतर त्या दर बाजाराला येऊ लागल्या, डोक्यावरची पाटी माझ्या टेबलावर ठेवून! एकदा गाडी सुटायला लागली. कंडक्टर दारात येऊन खेकसला, "ओ बाई, येता का नाई?"

"थांबव ना रे बाप्पा! माहे दोन जीव बाकी हायेत!"

गाडी थांबली. अख्खी गाडी खिडक्यांतून पाहत होती.

*

आता शंकर. माझा शाळेपासूनचा दोस्त. कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. पुढे कित्येक महिने तो घराबाहेर पडला नाही. मी जायचो, तो भिंतीकडे तोंड करून बोलायचा. एका सकाळी त्याला ओढतच पार्लरमध्ये आणलं. विमानाला दांडा आणि बटणं. कारला स्टिअरिंग आणि गिअर. कोंबडीला फक्त दांडा!

पहिला डाव हरला. मग रोज सकाळी यायला लागला, गर्दी व्हायच्या आधी, कारण लोक आधी त्याच्या बाहीकडे बघायचे. महिनाभरात कोंबडीवर त्याच्यापुढे कोणी टिकेना.

त्याचा बाप दारात येऊन सगळ्यांसमोर बोलला, "हात गेला, आता अक्कलबी गेली. घोड्याएवढा होऊन कोंबड्या चारून राह्यला!"

शंकर स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "बाबा, थांबा जरा. भुतं मागं लागले हायेत."

मी हसलो. तोही हसला. हात गेल्यानंतर पहिल्यांदा.

*

आमच्याकडे पद्धत अशी, की मशीनच्या काचेवर टोकन ठेवलं की पुढचा डाव तुमचा. रविवारी संध्याकाळी विमानाच्या काचेवर टोकनांची रांग लागायची. आणि मामा पार्लरमध्ये यायचा तो नेमका रविवारी संध्याकाळी! हात मागे बांधून काचा बघायचा. कोंबडीची काच कायम रिकामी.

"हे काढतो. कोणालेच नाई आवडत."

मी म्हटलं, "मामा, तिचे लोक गर्दीत येतच नाईत. टोकन कायले ठेवतील?"

"पोट्टे हसतात त्या मशीनले. एका भिकार गेमपायी बाकीच्या गेमचं नाव खराब करू का?"

"पोट्ट्यांले नको तर त्यांनी खेळू नये! शंकरनं काय खेळायचं?"

"कॉलेज सोडलेल्यानं मले धंदा शिकवू नये."

कोंबडी गोधडीत बांधून टेम्पोत गेली. पिन्या आणि पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या.

*

तिच्या जागी मारामारीचं मशीन आलं. डाव्या हाताला दांडा, उजव्या हाताला ठोशा-लाथांची बटणं. त्या दिवशी मामा कौतुकानं सकाळीच येऊन बसला. शंकर नेहमीच्या वेळी आला आणि दारातच थांबला.

"ये ये शंकर! पयला डाव तुहा, फुकट!" मामा अगदी प्रेमानं म्हणाला. तेच जास्त डोक्यात जातं.

शंकर पुढे आला. दांडा धरला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बटन तू दाब."

मी दाबलं. शंकर आमचा गडी पुढे न्यायचा, माझा ठोसा उशिरा निघायचा. तो मागे घ्यायचा, मी लाथ मारून बसायचो. समोरच्यानं आम्हाला बदड बदड बदडलं.

मामानं टाळी वाजवली. "पाह्य! जमते का नाई दोघांले मिळून!"

शंकरनं दांडा सोडला. हात शर्टाला पुसला.

"मशीन चांगली हाये, मामा," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, झोपला आहे. ऊन डोक्यावर आलं होतं. पुन्हा गेलो, तेव्हाही झोपलेलाच. मी मामाचं काम सोडलं, त्याचं काही नाही. मला दोस्त एकच होता, तो परत भिंतीकडे तोंड करून पडला.