खाटेखालच्या साली

"टायफॉइड आहे," आमच्या ह्यांना तपासून डॉक्टर म्हणाले. "म्हणजे विषमज्वर. आतड्यांना आतून जखमा झाल्यात. दूध आणि बार्लीचं पाणी. बाकी तोंडात काही घालायचं नाही."

मी मान हलवली. एकोणीस वर्षांची, चार इयत्ता शिकलेली मी. माझ्या मते डॉक्टरांपेक्षा दोनच इयत्ता कमी.

जळगावच्या त्या दवाखान्यात आम्ही आलो त्याच दिवशी शेजारच्या खाटेवरचा नशिराबादचा माणूस रक्त जाऊन वारला. त्याची बायको रडत रडत खाटेखालच्या केळ्याच्या साली पदरात गोळा करत होती. मी मनात म्हटलं, दुःखातही किती टापटिपीची बाई!

आमच्या ह्यांच्या खाटेला आहाराचा कागद टांगला होता, तोही इंग्रजीत. मी त्यावर त्यांची टोपी अडकवली.

असोद्याहून थोरली नणंद आली ती बागेतली केळी घेऊन. आजाऱ्याला रिकाम्या हातानं कोण भेटतं आमच्याकडे?

"डॉक्टर नको म्हणतात, अक्का."

"अव माय, केयं म्हंजे काय जेवन शे का?"

पटलंच मला. तीन दुपारी एकेक केळं कुस्करून भरवलं, साली खाटेखाली सरकवल्या. काय ती हुशारी!

चौथ्या दिवशी ह्यांना शौचातून रक्त गेलं. अंग गार, ओठ पांढरे. खाटेचा पायथा विटांवर चढवला. तोंडानं पाणीसुद्धा बंद, शिरेतून सलाइन.

"काय दिलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. वॉर्डातल्या आयाबाईंनी दूधच नासकं दिलं असेल."

दोन दिवस बाकावर बसून काढले. तिसऱ्या सकाळी आयाबाईच चहा घेऊन आल्या. "पी वं पोरी, तुझा धनी वाचेल." मी कप बाकावर ठेवला. उठले आणि डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं.

वाटलं, हाकलतील. ते वॉर्डात येऊन म्हणाले, "रागावणार नाही. कुणी काय दिलं, खरं सांगा." आठ खाटांपैकी पाच खाटांखालून केळी निघाली.

"पाच घरं एकच चूक करतात," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे सांगण्यात आमचंच चुकतंय."

इंग्रजी कागद गेला. पातळ आहाराच्या खाटेला लाल फडकं आलं. नर्स पथ्य सांगायची आणि आमच्याकडून परत वदवून घ्यायची. आठवड्यानं डॉक्टर पुन्हा वाकले, तर दोन खाटांखाली केळी होतीच. पुन्हा विचारपूस. आम्ही नळावर धुणं धूत असताना पाहुणे परस्पर आत येत होते. मग दारातच टोपली ठेवली. फळं तिच्यात, आणि बरे होत आलेल्यांना वाटायची.

हे वाचले. घरी निघताना आयाबाईंचे पाय धरले, तर त्या म्हणाल्या, "ऊठ, दूध नासेल!"

तुमच्यावर अशी वेळ आली, तर काय दिलं ते लगेच सांगा. मी अजूनही आजाऱ्याकडे गेले की आधी वाकून खाटेखाली बघते. नातवंडं हसतात. मला मात्र ती नशिराबादची बाई दिसते. तिला त्या दिवशी कुणी न रागावता विचारलं असतं, तर माझ्या हातून केळं कुस्करलंच गेलं नसतं.