खंडेनवमीनंतरचा रंग

दसऱ्याची सुट्टी संपली आणि आमच्या रंगखात्यात एकही पार्ट धड निघेना. परभणीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही मोटारसायकलची प्लॅस्टिकची कव्हरं साच्यातून काढून रंगवायचो. रंग फवारला की टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे पडायचे. तेलकट अंश असला की रंग तिथून मागे सरतो.

सुपरवायझरनं लगेच ठरवलं: कव्हरं पुसणाऱ्या बाईच्या डोक्याचं तेल. बाई पालमकडची. दरवर्षी ऊसतोडीला जाणारी, यंदा लेकीच्या शाळेसाठी पहिल्यांदाच थांबलेली.

"डोस्क्याला रुमाल बांधते की, साहेब."

"वास घे रे तिच्या वेणीचा," तो मला म्हणाला. तपासणी माझ्याकडे होती. युनियनच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून मोठा झालेला, कारखान्याच्या फाटकासमोर बाईमाणसाच्या सन्मानावर बोलणारा मी वाकलो आणि वास घेतला. तेल होतंच. तिला दुपारीच कामावरून काढून घरी पाठवलं.

खड्डे मात्र पडतच राहिले. मग मी तिनं पुसलेलं एक कव्हर कोऱ्या तारेला टांगून रंगवलं. आरशासारखं निघालं. स्वतः धुतलेलं दुसरं, रंगवताना कव्हरं अडकवायच्या नेहमीच्या स्टँडवर लावलं. खड्डेच खड्डे.

दोष स्टँडचा होता. खंडेनवमीला सगळ्यांनी मशिनला हळदकुंकू वाहिलं होतं. मी पूजा मानत नाही. पण श्रमाच्या हत्याराचा मान म्हणून आदल्या दिवशी तो स्टँड गाडी चमकवायच्या स्प्रेनं घासला होता. त्यातलं सिलिकॉन तेलासारखंच रंगाचा वैरी. हे मला ठाऊक असायला हवं होतं.

दोन दिवस मी गप्प बसलो. हे दोन दिवस मला कुठंच लपवता येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "स्टँड धुऊन टाक अन् तोंड बंद ठेव. तिला परत घेतलं तर मी चुकलो असं होतंय."

मी सगळं कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि पालमची एसटी धरली. तिच्या गावात ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर भरायलाच लागला होता. ती चूल-भांडी वर देत होती. मी कागद पुढे केला. या कागदावर भांडू, तुम्हाला कामावर घ्यायला लावू, असं बरंच बोललो.

"मला कुठं वाचता येतंय? तुमीच वाचा. मोठ्यानं. तिथं सगळ्यांदेखत वास घेतलाव न्हवं?"

टोळी थांबली. आयुष्यभर दुसऱ्यांचे गुन्हे मोठ्यानं वाचलेले. स्वतःचा वाचताना दोनदा ओळ चुकलो. कुणीतरी हसलं.

"झालं?" ती म्हणाली. "आता मुकादमाला शब्द दिलाय मी. तुमच्या साहेबाचा काय भरवसा?"

तिनं लेकीला काखेत धरून वर चढवलं. दप्तर भांड्यांच्या पोत्याखाली खोचलं. मी ट्रॅक्टरसमोर उभा होतो. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तसा बाजूला झालो.