जांभळाखालची तपासणी

या पानावर इतरांचे अनुभव वाचून खाली ‘आधी डोळे तपासून घ्या’ असं लिहिणारी बाई म्हणजे मीच. त्यामुळे आज कोणी मला हसलं तर माझी हरकत नाही. मी एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. समोरचा सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यायची सवय झालीय. भूतबित राहू दे, मी साधं राशिभविष्यही वाचत नाही.

आम्ही मूळचे वर्ध्याचे, राहतो लखनौला, विकास नगरमध्ये. माझे सासरे – अण्णा – इथल्या एका मेडिकल कॉलेजात प्रोफेसर होते. पण हा माणूस घरात कधी टिकला नाही. रविवार उजाडला की बूट, टोपी, काठी आणि मागे विद्यार्थ्यांची रांग... चलो कुकरैल! शहराला लागून असलेल्या त्या जंगलातच त्यांचा क्लास भरायचा. डॉक्टर छाती-पाठ ठोकून बघतात ना? एका हाताचं मधलं बोट टेकवायचं, त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटाने टकटक, मग बोट खाली सरकवून पुन्हा टकटक. ते अण्णा झाडांवर शिकवायचे. पोकळ खोड घुमतं, भरीव खोड बद्द वाजतं. पेशंटला त्रास देण्याआधी इथे हात बसवा, म्हणायचे.

एकदा एका पोराने विचारलं, “सर, पेड़ को खाँसी है क्या?”

“है. लेकिन तुमसे कम बोलता है.”

घरीही तेच. टरबूज, माठ, गॅसचं सिलेंडर, माझं नवीन कपाट... सगळ्यांची तपासणी झालेली!

मागच्या पावसाळ्यानंतर अण्णा गेले. हिंडते-फिरते गेले, त्यांना हवं तसंच. पण दिवाळीनंतर आईंना – माझ्या सासूबाईंना – खोकला लागला, तो जाईचना. चेहरा उतरला, ब्लाऊज सैल झाले. डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर – “लग्न झाल्यापासून मला ह्यांनीच तपासलं. आता दुसऱ्या कोणापुढे पाठ करून बसायची नाही.”

आणि आमची अक्कल बघा. अण्णांचा कोणी ना कोणी डॉक्टर विद्यार्थी सारखा चहाला येऊन बसलेला असायचा, पण प्रत्येकाला वाटे, आंटींना दुसऱ्याने तपासलंच असेल. नवरा म्हणे, धुक्यामुळे होतं. मला मात्र दिसत होतं की हे असंच चाललं तर आई हातच्या जातील.

जानेवारीत विद्यार्थ्यांनी अण्णांचा रविवार पुन्हा सुरू केला आणि आई चक्क “मीही येते” म्हणाल्या. नवऱ्याची अमौसीला एअरपोर्टवर ड्युटी होती, म्हणून सौरभ गाडी घेऊन आला. हा अण्णांचा लाडका विद्यार्थी, आता स्वतः छातीचा डॉक्टर.

धुकं विरून छान ऊन पडलं होतं. अण्णांच्या नेहमीच्या जांभळाखाली सतरंजी अंथरली. मी मटारची घुघरी – इथली सुकी उसळच म्हणा – वाढत होते, आई खोडाला टेकून बसल्या होत्या. एकदम शाल सावरत हसायला लागल्या.

“अहो... लोक बघतायत!”

मला वाटलं, ताप चढला. “काय झालं, आई?”

“पाठ ठोकतायत गं. ह्यांना काही काळवेळच नाही.”

मी आधी मुंगळे शोधले. झाडाला चक्कर मारून आले – कोणी नाही. मग आईंना जरा पुढे ओढलं, झाड आणि पाठ यांच्यात वीतभर जागा केली आणि शालीवरून पाठीला हात लावला.

टकटक.

थोडं खाली – टकटक. माझ्या तळहाताखाली! आवाजही येत होता... वर घुमणारा, आणि उजवीकडे खाली आल्यावर बद्द. तिथे तो थांबला आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा वाजत राहिला. ढ पोराच्या डोक्यात शिरेपर्यंत अण्णा एकच जागा ठोकत बसायचे, अगदी तसा.

“सौरभ, इकडे ये. इथे ठोकून बघ.”

“अरे भाभी, घुघरी तो खा लेने दीजिए!”

“बाद में.”

आईंनी आपणहून त्याच्याकडे पाठ केली. “बघ रे. तेरे सर ने शुरू कर दिया है.”

सौरभ हसत हसत ठोकायला लागला. उजवीकडे खाली आला आणि त्याचं हसू गेलं. पुन्हा ठोकलं. कान लावला. “आंटी, यहाँ पानी लग रहा है. एक्स-रे करना पड़ेगा. अभी चलिए.”

“घुघरी खाके,” आई म्हणाल्या. आणि खाऊनच उठल्या.

उजव्या फुप्फुसाभोवती पाणी होतं. टीबी निघाला. पाणी काढलं, गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला, आणि आता माझ्या भाजीत मीठ कमी की जास्त हे ठरवण्याइतक्या आई ठणठणीत आहेत. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं सौरभ म्हणाला.

टकटकीबद्दल त्याचं म्हणणं – “कठफोड़वा होगा, भाभी.” म्हणजे सुतारपक्षी. असेल! पण पाठ झाडाला टेकलेलीच नव्हती. आणि बद्द आवाज नेमका कुठे शोधायचा, हे सुतारपक्ष्याला कोणी शिकवलं? यावर तो घुघरीची रेसिपी विचारतो.

मी नंतर एकदा मुद्दाम त्या झाडाला पाठ लावून बसून आले. बराच वेळ. काही नाही. फक्त मुंगळे चावले. घरी येऊन आईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “मग बरंच आहे की. तुला काही झालेलं नाही.”