शेवगावची फेरी आणि आप्पांची सायकल

रविवारी सकाळी नगरच्या एसटी स्टँडवर मी आणि इकबाल उभे होतो, तेव्हा लोक आमच्याकडे वळून वळून पाहत होते. माझ्या खांद्याला भिंगारच्या एका लष्करी माणसाकडून जुनी घेतलेली इलेक्ट्रिक गिटार, इकबालच्या पाठीवर लग्नाच्या बँडवाल्याकडून मागून आणलेला ड्रम, हातात कापडात गुंडाळलेली पितळी झांज. दोघांचेही केस कॉलरखाली उतरलेले. दुष्काळ लागायच्या आधीचं वर्ष होतं ते. दिवाळी होऊन गेली होती आणि हवेत बरा गारवा होता.

कंडक्टरनं गिटार वरपासून खालपर्यंत पाहिली.

"ही काय, सतार का?"

"गिटार."

"लगेज पडंल. आन् त्या ढोलाचं बी."

"मांडीवर घेतो की," इकबाल म्हणाला.

"मांडीवर पोरं घ्यायची असत्यात," कंडक्टर म्हणाला आणि दोन लगेजची तिकिटं फाडली.

आम्ही बँकेत कारकून होतो. संध्याकाळी दिवसाचा मेळ लागला की मागच्या खोलीत, जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून रॉक वाजवायचो. बँडचं नाव 'द ओव्हरटाइमर्स'. ओव्हरटाइम कधी मिळाला नाही, निदान नावात तरी असावा, असं इकबालचं म्हणणं. तो ड्रम वाजवायचा, मी गिटार. आणि गायचा तो शामू, शामुवेल गायकवाड, चर्चमध्ये गाऊन गळा तयार झालेला. शेवगावला आमच्या बँकेची नवी शाखा उघडणार होती. त्या समारंभात करमणुकीचा कार्यक्रम आमचा होता.

शामू आमच्या गाडीत नव्हता, त्याला कारण होतं. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. त्या दोन वेगळ्या माणसांकडे राहतात आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. आमच्या शाखेतली एक माझ्याकडे होती, दुसरी शामूकडे. किल्ली घरी ठेवायची नाही, अंगावरच बाळगायची, असा साहेबांचा दंडक. रविवारी गाव सोडायच्या परवानगीवर सही करताना साहेब म्हणाले होते, "जा, पण दोघांनी एका गाडीत बसायचं नाही. गाडी कुठं उलटली तर सोमवारी मी बँक उघडू कशी?"

"आपण मेलो तर वाईट नाही, किल्ल्या सापडल्या म्हणजे झालं," बाहेर आल्यावर इकबाल म्हणाला.

म्हणून आम्ही पहिल्या गाडीनं निघालो आणि शामू मागच्या गाडीनं येणार होता.

करंजीचा घाट चढताना गाडी धापा टाकत होती. दोन्ही बाजूंनी सीताफळीची झुडपं, मधूनच एखादा गुराखी. घाट ओलांडला की मुलूख एकदम मोकळा होतो. काळ्या रानात ज्वारी गुडघ्याला आली होती आणि वारा आला की सगळं रान एका बाजूला कलायचं. तिसगावला गाडी थांबली तेव्हा स्टँडजवळच्या हॉटेलात शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळून रश्शात शिजवलेले कडबोळ्यासारखे तुकडे) खाल्ले. लसणाचा असा झणका होता की इकबालचे डोळे भरून आले.

"रडू नको, अजून कार्यक्रम झालेला नाही," मी म्हणालो.

अमरापूर सोडलं आणि गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हरनं जॅक काढला. रस्त्याच्या कडेला एक विहीर होती. तिच्यावरचं इंजिन चालू होतं आणि थारोळ्यात (विहिरीचं पाणी पडतं त्या दगडी कुंडीत) पांढरंशुभ्र पाणी पडत होतं. हिरव्या लुगड्यातली एक बाई खोऱ्यानं वाफ्यांची दारं मोडत पाणी वळवत होती.

"मावशी, जरा तोंड धुऊ का?"

"धुवा की. पानी काय माझ्या बापाचं हाय?" मग आमचे केस पाहून म्हणाली, "नगरला न्हावी ऱ्हायले न्हाईत का?"

"आहेत, पण आम्ही गातो," इकबाल म्हणाला.

"गानारं केस कापीत न्हाईत व्हय? आमचा भजनातला म्हातारा तर टकलाच हाय."

मी शर्ट काढला, मान धुतली, डोक्यावर पाणी घेतलं. गळ्यातली काळ्या दोऱ्यातली किल्ली भिजून गंजू नये म्हणून थारोळ्याशेजारच्या लिंबाच्या फांदीला अडकवली. चाक बसलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आम्ही शर्टाची बटणं लावत धावलो.

शेवगावला बाजाराच्या मैदानात मांडव होता. लाउडस्पीकरवाल्याचा ॲम्प्लिफायर एका टेबलावर ठेवला होता आणि त्यात गिटारची वायर घालून मी तारा जुळवायला बसलो. एक सूर छेडला. तो अगदी स्वच्छ आला.

माझी गिटार तशी कधी वाजायची नाही. शर्टाआतली किल्ली तिच्या पाठीवर आपटायची आणि प्रत्येक सुरामागे बारीक टणटण यायची. शामू त्यावरून मला रोज चिडवायचा. आज टणटण नव्हती. गळ्याला हात लावला. गळा रिकामा होता.

तेवढ्यात मागच्या गाडीनं शामू आला. चेहरा नुसता फुललेला.

"मधू, आप्पा आलेत," तो म्हणाला. "ती बघ त्यांची सायकल."

मांडवामागच्या लिंबाला एक काळी, उंच, जुनी सायकल टेकवलेली होती. आप्पा म्हणजे शामूचे वडील. शेवगाव आणि अमरापूरच्या मध्ये, आतल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. पेटीवर भजनं बसवायचे. आमच्या संगीताला ते 'डबे बडवणं' म्हणत आणि शामूचं गाणं ऐकायला कधी आले नव्हते. लहानपणी याच सायकलच्या दांडीवर बसून शामू त्यांच्याबरोबर शाळेत जायचा. त्या सायकलवर त्यानं एक गाणं केलं होतं, मराठीत, आमच्या ठेक्यावर. मध्ये इकबाल सायकलची खरी घंटी वाजवायचा. आप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. आज ते गाणं समोर बसून ऐकावं म्हणून शामूनं त्यांना दोन पत्रं घातली होती.

मी त्याला किल्लीचं सांगितलं. तो क्षणभर सायकलकडे पाहत राहिला.

"साहेबांना कळलं तर तू घरी बसशील," तो म्हणाला. "विहीर कुठली? लिंब आहे ती ना, अमरापूरजवळची? माहितीय मला."

"मी जातो, शामू."

"तू गेलास तर वाजवणार कोण? गाणारा नसला तर चालतं. गिटार नसली तर इकबाल एकटा काय लग्न लावणार? शिवाय साहेबांची नजर तुझ्यावर असते." त्यानं बाह्या वर केल्या. "सायकलचं गाणं शेवटाला ठेव. तोवर येतो. आणि किल्लीचं कुणापाशी बोलू नकोस, आप्पांपाशीसुद्धा नाही. मास्तर आहेत, खोटं बोलता येत नाही त्यांना. साहेबांनी विचारलं तर सांगून मोकळे होतील."

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यानं भाड्याची सायकल घेतली आणि गेला.

साहेब पाहुण्यांना घेऊन जीपमधून आले. भाषणं झाली. चार वाजता आम्ही सुरुवात केली. सिनेमाच्या चाली वाजवल्या, इंग्रजी चाली वाजवल्या. लोकांना मजा वाटत होती. एक म्हातारा कानांवर हात ठेवून बसला होता, पण उठत नव्हता. आप्पा दुसऱ्या रांगेत होते. पांढरं धोतर, काळा कोट, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. ते आमच्याकडे पाहत नव्हते. आमच्यामागच्या कनातीच्या फटीकडे पाहत होते.

मी प्रत्येक चाल लांबवली. इकबाल माझ्याकडे डोळे वटारायला लागला, हात भरून आले होते त्याचे. शेवटी साहेबांनी घड्याळ दाखवलं. मग सायकलचं गाणं घेतलं. शब्द शामूलाच यायचे, म्हणून नुसती चाल. मध्यावर इकबालनं घंटी वाजवली.

आप्पांनी चटकन मागे वळून पाहिलं. आपल्या सायकलला कोण हात लावतंय ते बघायला. सायकल जागेवर होती. ते पुन्हा समोर वळले आणि स्वतःशीच थोडं हसले. घंटी आणखी दोनदा वाजली, पण ते पुन्हा वळले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ आले. शेजारी साहेब उभे होते.

"शामू दिसला नाही," आप्पा म्हणाले. "गाडीतून उतरताना पाहिला मी त्याला."

मी गिटारची वायर गुंडाळत राहिलो.

"घाबरला असेल," आप्पाच म्हणाले. "शाळेच्या गॅदरिंगलाही मी पुढं बसलो की असाच पळायचा. घाबरला ना?"

साहेब माझ्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हणालो.

आप्पांनी मान हलवली. रागावले नाहीत. डबा माझ्या हातात दिला. "शेंगदाण्याचे लाडू आहेत. त्याला द्या. माझ्यापुढं तो बुजतो. पुढच्या वेळी मी येणार नाही, म्हणजे मोकळेपणानं गाईल. हे मात्र त्याला सांगू नका."

मग त्यांनी धोतराचा सोगा सायकलच्या चेनपासून वर खोचला आणि गेले.

शामू रानातल्या आडवाटेनं आला तेव्हा मांडव सोडायला लागले होते. मावशीनं किल्ली पाहिली होती. गळ्यातलं काहीतरी आहे म्हणून घरी नेऊन देवाजवळ ठेवली आणि ती दुसऱ्या रानात खुरपायला गेली होती. शामू तिच्या दारात बसून राहिला होता. त्यानं किल्ली माझ्या गळ्यात घातली, मुंजीत जानवं घालावं तशी.

"आप्पा होते शेवटपर्यंत?"

"होते."

"काय म्हणाले?"

"लाडू दिलेत," मी म्हणालो.

नगरची शेवटची गाडी उभी होती. दोन गाड्यांनी जाणं आता शक्यच नव्हतं. साहेब जीपनं पुढे गेले होते. "मोडला नियम तर मोडला," शामू म्हणाला आणि दोन्ही किल्ल्या पहिल्यांदाच एका बाकावर बसल्या. त्यानं डबा उघडला. इकबालला दोन लाडू दिले, मला एक. मी तो खाल्ला.

दिवस मावळत होता. ज्वारीवरचं ऊन तांबूस झालं होतं. शामू खिडकीशी बसून सायकलचं गाणं हलक्या आवाजात म्हणायला लागला. पुढच्या बाकावरून कंडक्टर वळला.

"मोठ्यानं म्हना की. तिकीट न्हाई लावत."

शामू हसला आणि मोठ्यानं म्हणायला लागला. लोक ऐकू लागले. एका बाईनं पेंगणाऱ्या पोराला उठवून बसवलं. इकबालनं पिशवीतून घंटी काढून वाजवली. आणि तेव्हाच मला पुढच्या काचेतून रस्त्याच्या कडेनं चाललेली काळी उंच सायकल दिसली. काळा कोट, वाकलेली पाठ. शामूनंही पाहिली. गाणं तोडून तो खिडकीतून ओरडला, "आप्पा!" पण गाडी पुढे निघून गेली होती आणि मागे नुसती धूळ होती.

कंडक्टरच्या घंटीची दोरी माझ्या डोक्यावर होती. एक टोला दिला की गाडी थांबते. आप्पा दोन मिनिटांत येऊन पोचले असते. सगळी गाडी ऐकत होती, त्यांनीही ऐकलं असतं. माझा हात वर गेला, दोरीला लागला. मग वाटलं, बापलेक समोरासमोर आले की पहिला प्रश्न घाबरण्याचाच निघेल. मी हात खाली घेतला.

आप्पा पुन्हा आमच्या कुठल्याच कार्यक्रमाला आले नाहीत, आणि घरी त्या दिवसाचा विषय बापलेकांपैकी कुणीच काढला नाही. शामू समजला की त्यांना आपलं संगीत आवडलं नाही, आणि त्यानं ते मनाला लावून घेतलं. कारण मला माहीत होतं. साहेब मात्र दर निरोपसमारंभात शेवगावला बापाला पाहून पळालेल्या गायकाची गोष्ट सांगायचे. शामू सगळ्यांबरोबर हसायचा, माझ्याकडे न पाहता. साहेबांमागून ती गोष्ट इतरांनी सांगितली. अजून सांगतात. आप्पा गेले, नंतर शामू गेला, परवा इकबालही गेला.

अलीकडे मी पुन्हा त्या रस्त्यानं जाऊन आलो. रस्ता रुंद झालाय, लिंब तोडलाय. अमरापूर सोडल्यावर गाडीच्या मागच्या बाकावरून वळून पाहिलं. त्या दिवशी तसं पाहायचं धाडस झालं नव्हतं. म्हणून इथं लिहून ठेवतो, बँकेतल्या जुन्या माणसांनी वाचावं आणि शामूच्या मुलीनं वाचावं. शेवगावला शामू घाबरला नव्हता. तो माझी किल्ली आणायला गेला होता. घाबरलो होतो मी, आणि दोरी माझ्या हाताशी होती.