पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

माझे वडील, आप्पा, ज्या टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे, तिथलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं असायचं. कामगार वेळेवर यावेत म्हणून मालकानं मुद्दाम केलेलं. सगळ्यांना ठाऊक होतं, तरी चाललं होतं आपलं.

मग तिथं कंप्युटर आला. माग थांबला की किती वाजले ते टिपायचा, सुरू झाला की पुन्हा टिपायचा आणि वजाबाकी करून माग किती वेळ बंद होता ते काढायचा. महिनाभरात आप्पा सगळ्यांत संथ ठरले. मालक म्हणाले, "हात जड झाले तुमचे. आता आराम करा." जन्मभर मागावर उभा राहिलेला माणूस मान खाली घालून घरी आला.

मी सॉफ्टवेअरवालीच. मला पटेना. एका सकाळी तावातावानं कारखान्यात जाऊन बसले. कंप्युटर चालू झाल्यावर इंटरनेटवरून खरी वेळ घ्यायचा. थोड्या वेळानं मुकादम यायचा आणि भिंतीवरच्या घड्याळाशी जुळावी म्हणून ती वेळ पंधरा मिनिटं पुढं ढकलायचा. आता आप्पांची सवय अशी, की सकाळी माग जरासा चालवायचा, आवाज ऐकायचा, मग बंद करून धूळ पुसायची, तेल द्यायचं. नेमका तेव्हाच मुकादम वेळ ढकलायचा; बाकीचे माग धडधडत असायचे, बंद असायचा तो आप्पांचाच. मुकादमाची पंधरा मिनिटं रोज एकट्या आप्पांच्या माथी!

"अहो, गेलेला वेळ असा मोजतात होय?" मी मालकांवर ओरडलेच. "कंप्युटरच्या आत दुसरं घड्याळ असतं. किती वाजले ते त्याला कळत नाही, पण कुणी वेळ बदलली तरी ते आपलं सरळ पुढं जातं. मोजायचं ते त्यावर!"

प्रोग्राम मीच दुरुस्त करून दिला. मालक ओशाळले. "उद्यापासून या म्हणावं आप्पांना."

आप्पा गेले. दुपारीच परत आले, डबा तसाच.

"काय झालं आप्पा?"

"धागा तुटला की आधी घड्याळाकडंच बघतोय गं. गाठ बसंना."

"अहो, पण चूक मशीनची होती की! तुमचे हात चांगले हायत."

"व्हय, तू म्हणतीस." ते बाजेवर बसले. "पर महिनाभर मी रोज सोताला सांगितलं ना, की हात गेले म्हणून. ते कसं काढायचं?"

मला नुसता संताप आला, रडू आलं. आप्पा पुन्हा मागावर गेले नाहीत.