रूपालीनं न सांगितलेली बातमी

रूपालीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या मखमलाबादला ठाऊक होतं. संध्याकाळी घरच्या बायका झेंडूच्या माळा ओवायला बसल्या की बातम्या पुरवण्याचं काम तिचंच. मीनावहिनीला पहिल्यांदा दिवस गेले, ते तिनं विश्वासानं आधी या नणंदेला सांगितलं. आणि वहिनीच्या नवऱ्याला, म्हणजे दिनेशला, ते दूधवाल्याकडून कळलं! तेव्हापासून वहिनी हसायची, बोलायची, पण मनातलं म्हणून काही सांगायची नाही. रूपालीला ते फार लागायचं.

नाशकातल्या एका पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळायचं, ही तिची नोकरी. बाहेरून कुणी घुसू पाहिलं की बोंब ठोकणारं एक सॉफ्टवेअर तिथं होतं. तेच इतर कितीतरी ठिकाणी चालायचं. गणपतीच्या दिवसांत एका सकाळी ते मुकाट बंद पडलेलं दिसलं. रूपाली हात धुऊन मागे लागली, तेव्हा कारण सापडलं. एका विशिष्ट तऱ्हेनं मोडतोड केलेला संदेश आला की तो वाचता वाचताच हा राखणदार कोसळायचा. मग मागून कुणीही खुशाल आत यावं! तिनं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं: शाबास, पण दुरुस्ती सगळीकडे पोचेपर्यंत ब्र काढू नका, चोरांना आधी कळलं तर घात होईल.

ब्र काढू नका! आणि हे कुणाला, तर रूपालीला.

पितृपक्ष सरला, घट बसले. माळा ओवताना ही आपली गप्प. तिच्या आईनं, लताबाईंनी, कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप तर नाय. मग कुणी पोरगा-बिरगा हाय का?"

"नाही गं आई!"

एकदा वहिनीनंच विचारलं, "माझ्यापासून काय लपवता, ताई?" सगळं अगदी ओठांवर आलं होतं. "आत्ता नाही सांगता येत, वहिनी," एवढंच रूपाली म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या फुलांच्या ढिगात बसलेल्या असताना मोबाइलवर निरोप आला: दुरुस्ती पोचली, आता खुशाल बोला. मग रूपाली जी सुटली, ती थांबेचना. लताबाईंची सुई हातातच राहिली.

"म्हंजे राखणदारालाच आडवं करायचा डाव! आन् हे तू गणपतीपासून दाबून ठेवलं? तू?"

सगळ्या हसून हसून बेजार झाल्या. लताबाईंनी गिऱ्हाइकासाठी ओवलेली माळ सरळ लेकीच्या गळ्यात घातली.

दोरा घ्यायच्या निमित्तानं मीनावहिनी जवळ सरकली. हळूच म्हणाली, "ताई, मला पुन्हा दिवस गेलेत. ह्यांनासुद्धा अजून सांगितलं नाही."

रूपालीला आनंदानं ओरडावंसं वाटलं.

"काय गं कुजबुज चाललीय?" लताबाईंनी विचारलं.

"काही नाही आई, वहिनी दोरा मागतेय," रूपाली म्हणाली आणि तिनं पुढचं फूल ओवलं.