नंबर झाकलेली काच

गाठीच्या रिपोर्टला आता साधी, संशयास्पद, कॅन्सर असे ठरलेले वर्ग आलेत. नगरात बघा नाहीतर पुण्यात, भाषा एकच. बरंच झालं. पण मी लॅबमध्ये मदतनीस होतो तेव्हा आमच्या डॉक्टर मॅडमना हा आधार नव्हता. गळ्यातल्या, काखेतल्या गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी काचेच्या पट्टीवर पसरून त्या मायक्रोस्कोपखाली बघायच्या. मधूनच एखाद्या जुन्या काचेचा नंबर कागद चिकटवून झाकायला सांगायच्या आणि ती मला नव्या काचांत मिसळायला लावायच्या.

"तेव्हा म्हणाले तेच आज म्हणते का, बघू दे."

एकदा, पूर्वी स्वतःच 'साधी सूज' म्हटलेल्या काचेला त्या 'संशयास्पद' म्हणाल्या. मी कागद काढून नंबर आणि जुना रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि पारनेरच्या पेशंटला स्वतः फोन लावला.

"काका, चूक माझी झाली. सुई पुन्हा घालावी लागेल."

"येतो की बाई. चुकलं म्हनून सांगतं कोन हल्ली?"

काका वेळेत उपचार होऊन बरे झाले. मॅडम रिटायर झाल्या. परवा सहज आल्या, तेव्हा मी गंमत म्हणून काकांची तीच जुनी काच नंबर झाकून पुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"ह्यांना लगेच बोलावून घे," म्हणाल्या, आणि त्यांचा हात फोनकडे गेला.